रंगमंचावरील प्रयोगांच्या छायाचित्रणाचे नियम: व्यवस्थापकांना आणि निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
नाट्यगृहांचे व्यवस्थापक, नाट्यनिर्माते आणि नृत्य-संगीताच्या कार्यक्रमांचे आयोजक यांस,

सविनय नमस्कार.

प्रयोग चालू असताना प्रेक्षकांनी फोटो काढावेत की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी दारावरच्या एका पाटीने निकालात काढलेला आहे. पाटीवर एक तर 'छायाचित्रणास सक्त मनाई' असे लिहिलेले असते, किंवा 'व्यावसायिक कॅमेरे आत नेता येणार नाहीत' असे. पहिल्या पाटीशी माझे भांडण नाही. ती स्पष्ट आहे, आणि सर्वांना सारखी लागू होत असेल तर ती मला मान्यही आहे. हे पत्र दुसऱ्या पाटीविषयी आहे. तिला जो उपद्रव टाळायचा असतो तो तिने टळत नाही, आणि रंगमंचाचे फोटो काढू इच्छिणाऱ्या माणसाने कोणता कॅमेरा घ्यावा हे मात्र ती परस्पर ठरवून मोकळी होते, तेही नेमके उलट्या बाजूने.

मी हौशी छायाचित्रकार आहे आणि नाटक, नृत्य, गाण्याच्या मैफिली यांचा नियमित प्रेक्षक आहे. लहान कॅमेरा घेऊ पाहणारी ओळखीची मंडळी सल्ला विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न लेन्सविषयी किंवा सेन्सरविषयी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपविषयी, नसतो. 'हा आत सोडतील ना?' असे ते विचारतात. दारावरच्या माणसापाशी ओळखीच्या खुणा दोनच असतात: लेन्स काढता-घालता येते का, आणि कॅमेरा दिसायला मोठा आहे का. या दोन खुणांतून जो कॅमेरा सहज सुटतो तो म्हणजे लेन्स कायमची जोडलेला, खिशात मावणारा आणि प्रचंड झूम असणारा. म्हणून लोक तोच घेतात. अंधाऱ्या प्रेक्षागृहात आजूबाजूच्यांना सर्वाधिक त्रास देण्याची शक्यताही त्याच कॅमेऱ्याची असते. हे कसे, ते थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण नियम करणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असणे आवश्यक आहे.

रंगमंचापासून १५ मीटर अंतरावर बसलेला प्रेक्षक घेऊ. फुल-फ्रेमच्या (३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या सेन्सरच्या) मापाने २४ ते ७० मिलिमीटर झूम असलेल्या कॅमेऱ्यातून, ७० मिलिमीटरवर, त्याला सुमारे पावणेआठ मीटर रुंदीचा रंगमंच चौकटीत मिळतो. २०० मिलिमीटरवर ती रुंदी २.७ मीटर उरते आणि एकटा उभा नट डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम मावतो. साहजिकच खरेदी करणाऱ्याला वाटते की झूम जितका लांबचा तितका कॅमेरा रंगमंचासाठी चांगला. मात्र ३६० मिलिमीटरपर्यंत पोहोचणाऱ्या खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स त्या टोकाला एफ/६.४ इतकी मिटलेली असते (एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), आणि एफ/२.८ च्या तुलनेत तिच्यातून पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश आत येतो. नर्तकीची हालचाल गोठवायला सेकंदाचा १/२५० भाग हवा असे धरू. एफ/२.८ वर त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० पुरत असेल, तर एफ/६.४ वर तोच फोटो मिळवायला आयएसओ सोळा हजारांच्या पुढे न्यावा लागतो. त्यातून सेन्सर जर स्वस्त कॅमेऱ्यांत असतो तसा १/२.३ इंची, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटरचा असेल, तर इतक्या वरच्या आयएसओवर चेहऱ्याच्या जागी रंगीत रवा तेवढा उरतो. 'एक इंची' म्हणवल्या जाणाऱ्या, प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरच्या सेन्सरचे क्षेत्रफळ याच्या चौपट असते.

म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो: रंगमंचासाठी झूमच्या आधी लेन्सचा उजेड आणि सेन्सरचा आकार पाहावा. एक इंची सेन्सर आणि एफ/१.८ ते २.८ ची लेन्स असलेला, ७० किंवा १०० मिलिमीटरला थांबणारा कॅमेरा घ्यावा आणि फोटो नंतर कातरून घ्यावा. २० मेगापिक्सेलचा फोटो कातरून ७० चे १४० मिलिमीटर केले तरी ५ मेगापिक्सेल उरतात, आणि पडद्यावर पाहायला किंवा अल्बममध्ये लावायला तेवढे पुष्कळ होतात. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली आला आणि एवढा सेन्सर खरोखरच खिशात मावू लागला. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहण्याची खिडकीही आली, आणि माझ्या मते प्रेक्षागृहासाठी ही सोय झूमपेक्षा मोलाची आहे, कारण डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मागचा पडदा बंद ठेवला की शेजाऱ्याला उजेडाचा ठिपकाही दिसत नाही. त्याच मालिकेतल्या २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत झूम २०० मिलिमीटरपर्यंत गेला, पण तिथे लेन्स एफ/४.५ वर येते. मागे बसणाऱ्याने ही देवघेव समजून घेऊन खुशाल करावी. रिको जीआर ३ सारख्या, मोठा सेन्सर आणि २८ मिलिमीटरची एकच लेन्स असलेल्या कॅमेऱ्याचे मला फार कौतुक आहे, पण पहिल्या रांगेतून संपूर्ण नेपथ्य टिपण्यापलीकडे रंगमंचावर त्याचा उपयोग थोडाच.

आता उपद्रवाकडे येतो. कमी उजेडाची लेन्स अंधारात फोकस शोधताना चाचपडते. तिच्या मदतीला बहुतेक कॅमेऱ्यांत पुढच्या बाजूला एक लहान दिवा असतो, बहुधा नारिंगी किंवा लाल, आणि कारखान्यातून येताना तो चालू ठेवलेला असतो. नाटकात संपूर्ण काळोख करून एखादी नटी केवळ एका बाजूच्या मंद झोतात उभी आहे, बोलणे थांबलेले आहे, आणि तेवढ्यात अकराव्या रांगेतून एक नारिंगी ठिपका उमटतो, सेकंदभर थांबतो, फोकस न सापडल्यामुळे विझतो आणि पुन्हा पेटतो, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. इतक्या अंतरावरून तो दिवा फोकसच्या कामी येतच नाही, कारण त्याची पोच मोजक्या काही मीटरपुरती असते. रंगमंचावरच्या माणसाला मात्र तो नेमका दिसतो. ऑगस्ट २०१५ मध्ये लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात 'हॅम्लेट'ची प्रमुख भूमिका करणाऱ्या ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी प्रयोगानंतर बाहेर जमलेल्या चाहत्यांना प्रयोगाचे चित्रण न करण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी सांगितलेले कारण हेच होते की प्रेक्षकांतले लाल दिवे आपल्याला रंगमंचावरून दिसतात.

फ्लॅशविषयी तर काय बोलावे! प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उणावतो, त्यामुळे ४ मीटरवर पुरणारा फ्लॅश २० मीटरवर पंचवीस पट दुबळा असतो. खिशातल्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने मागच्या रांगेतून उजळतात ती पुढच्या चार रांगांतल्या प्रेक्षकांची डोकी. पुष्कळदा कॅमेरा फ्लॅशच्या भरवशावर बाकीचा प्रकाश कमी घेतो, म्हणून प्रकाशयोजनाकाराने निगुतीने उभे केलेले दृश्य फोटोत काळेच येते. फ्लॅश मारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि उंच झुल्यावरून जोडीदाराचे मनगट पकडायला झेपावलेल्या कसरतपटूच्या डोळ्यांवर मात्र क्षणभर झापड येऊ शकते. हा धोका जिवाशी खेळणारा आहे, म्हणून फ्लॅशवरची बंदी कोणत्याही सवलतीशिवाय असावी, याबद्दल माझे आणि आपले एकमत असावे.

तिसरा उपद्रव पडद्याचा. प्रत्येक फोटोनंतर दोन-तीन सेकंद तो फोटो मागच्या पडद्यावर दिसत राहतो, आणि मागे बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर नाटकाच्या जागी एक चमकता चौकोन येतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत एवढे कठोर असणारे आपले नियम इथे आश्चर्यकारकरीत्या सैल पडतात. मोबाइल फोन सर्वांच्या खिशात असतो, त्याला दारावर कोणी 'व्यावसायिक' म्हणत नाही, आणि त्याचा पडदा कोणत्याही लहान कॅमेऱ्याच्या पडद्याहून मोठा आणि प्रखर असतो. शिवाय फोनला व्ह्यूफाइंडर नसल्यामुळे तो हात उंचावूनच धरावा लागतो. पडदा बंद करून, डोळ्याला लावून, आवाज न करता अर्ध्या तासात चार फोटो काढणारा कॅमेरावाला बाहेर राहतो, आणि संपूर्ण अंकभर फोन डोक्यावर धरणारा आत बसतो. नियमाचा हेतू इतरांना निर्वेध प्रयोग पाहता यावा हा असेल, तर या व्यवस्थेने तो साधत नाही.

आवाजाचा मुद्दा आकारावरून ठरवता येत नाही. आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या मोठ्या कॅमेऱ्याचा खटका शांत मैफिलीत खरोखर बोचतो, हे मान्य. पण बहुतेक लहान कॅमेऱ्यांचे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, लेन्सच्याच आत असलेल्या बारीक पात्यांचे असते आणि ते जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांच्यातून येणारा 'क्लिक' हा पुष्कळदा छोट्या स्पीकरमधून वाजवलेला आवाज असतो आणि मेनूत जाऊन तो बंद करता येतो. उलट 'सायलेंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरची एक अडचण आहे: त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि मंद केलेले एलईडी दिवे प्रत्यक्षात अतिशय वेगाने लुकलुकत असल्यामुळे फोटोत आडवे काळसर पट्टे उमटतात. म्हणून जाणकार माणूस पात्यांचे शटर ठेवून कृत्रिम आवाज बंद करतो. दारावरच्या तपासणीत हा फरक कोणी विचारत नाही, आणि खरे तर विचारायला एक वाक्य पुरते.

लहान कॅमेरा आणि उजेडी लेन्स यांची जोडी काही आजची नाही. १९२४ साली ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा, काचेच्या प्लेट वापरणारा आणि एफ/२ ची लेन्स असलेला छोटा कॅमेरा काढला. फ्लॅशशिवाय घरातले आणि रात्रीचे फोटो घेता यावेत हेच त्याचे प्रयोजन होते. जर्मन वृत्तछायाचित्रकार एरिख सालोमन यांनी पुढे तो परिषदांमध्ये आणि न्यायालयातही नेला, आणि समोरच्यांना पत्ता लागू न देता फोटो काढले. न्यायालयाला ते आवडले असेल असे नाही, पण शांतपणे, उपलब्ध प्रकाशात काम करणाऱ्या लहान यंत्राने भोवतालच्या माणसांचे लक्ष विचलित होत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते. प्रश्न उरतो तो परवानगीचा, आणि तिथे माझी सहानुभूती संपूर्णपणे आपल्या आणि कलावंतांच्या बाजूने आहे.

परवानगीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात आणि आपल्या पाट्या त्या एकत्र करतात. चित्रफीत ही एक गोष्ट आहे आणि स्थिर छायाचित्र ही दुसरी. आपला चालू प्रयोग कोणी मुद्रित करावा यावर कलावंताचा अधिकार असावा, ही कल्पना १९६१ च्या रोम करारापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. २०१२ साली बीजिंगमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये अमलात आलेल्या करारात हलत्या चित्रांच्या मुद्रणाविषयी कलावंतांचे अधिकार आणखी स्पष्ट केले आहेत. देशोदेशीचे कायदे तपशिलात निरनिराळे आहेत, पण चित्रफितीने प्रयोगच उचलला जातो, म्हणजे संवाद, संगीत, नृत्यरचना आणि नटाचा स्वर हे सारे एकदम, ही गोष्ट सगळीकडे तीच आहे. त्यामुळे लेखी परवानगीशिवाय चित्रफीत नको, आणि त्यात 'फक्त तीस सेकंद' अशी पळवाटही नको. आजचा प्रत्येक लहान कॅमेरा चित्रफीत घेतोच, तेव्हा कॅमेरा आत घेऊन येणाऱ्याने ही अट स्वीकारली आहे असे आपण तिकिटावरच म्हणावे.

स्थिर छायाचित्रात प्रयोग उचलला जात नाही, पण तेही निरुपद्रवी असतेच असे नाही. नेपथ्य आणि वेशभूषा ही कोणाची तरी निर्मिती असते, आणि नृत्यरचनेला कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानेच कलाकृती म्हणून स्थान दिलेले आहे. कायद्याहूनही मला महत्त्वाची वाटते ती प्रतिष्ठेची बाजू. गायक वरच्या स्वरावर असताना त्याचा जबडा, नट वाक्याच्या मधोमध असताना त्याचे अर्धवट मिटलेले डोळे, नर्तक उडीतून उतरताना त्याचे वाकलेले गुडघे यांचा फोटो फार क्रूर दिसू शकतो. उडीचा फोटो वर पोहोचल्याच्या क्षणी घ्यावा, कारण तिथे उभा वेग शून्य होतो आणि सेकंदाचा १/१६० भागसुद्धा पुरतो, हे नृत्याचे छायाचित्रकार जाणतात. अनभ्यस्त माणूस हटकून आधी किंवा नंतर बटण दाबतो, आणि मग तोच फोटो जगभर फिरतो. आपला कसा फोटो बाहेर जावा यावर कलावंताचे म्हणणे असेल तर त्याचा राग कोणी धरू नये.

यावर उपाय आपल्याच क्षेत्रात, रॉक संगीताच्या मंचावर, फार पूर्वी सापडलेला आहे. तिथे वार्ताहर छायाचित्रकारांना 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' असा नियम असतो. त्यात कॅमेऱ्याच्या आकाराचा उल्लेख नाही. वेळ ठरलेली आहे आणि प्रकाशाची अट ठरलेली आहे. छायाचित्रकाराला काय करायचे ते कळते, गायकाला चौथ्या गाण्यापासून मोकळे वाटते, आणि दारावर वाद होत नाही. प्रेक्षकांसाठी हाच नियम उलटा फिरवता येईल: प्रयोगभर काही नाही, आणि शेवटच्या अभिवादनाच्या वेळी दिवे पूर्ण असताना, फ्लॅशशिवाय, हवे तेवढे फोटो. अनेक निर्माते आता हे करू लागले आहेत आणि पडदा पडण्यापूर्वी नटच प्रेक्षकांना तसे सांगतात. तेव्हा प्रकाश भरपूर असतो, चेहरे प्रसन्न असतात, आणि माझ्यासारख्याला एफ/२.८ ची लेन्सही चैनीची वाटू लागते.

ज्यांना यापेक्षा गंभीरपणे काम करायचे आहे त्यांच्यासाठी रंगीत तालमीचा एखादा अंक खुला ठेवण्याचा विचार व्हावा. मोजक्या जागा, आगाऊ नोंदणी, कॅमेऱ्याचा पडदा आणि पुढचा दिवा बंद, फोटो प्रसिद्ध करण्याआधी निर्मात्याला दाखवण्याची अट. अशा तालमीत प्रकाशयोजनाकाराला छायाचित्रकाराशी दोन शब्द बोलता येतात. संपूर्ण निळ्या किंवा लाल एलईडी झोतात कॅमेऱ्याचा एकच रंग भरून वाहतो आणि चेहरा सपाट डाग होतो, म्हणून त्या प्रवेशात थोडा पांढरा प्रकाश मिसळला तर प्रसिद्धीचे फोटोही सुधारतात, अशा कामाच्या गोष्टी तिथेच निघतात. नवोदित संस्थांना, ज्यांना स्वतंत्र छायाचित्रकार परवडत नाही, याचा थेट फायदा आहे.

काही प्रयोगांत संपूर्ण बंदीच योग्य आहे, हेही मी लपवत नाही. शंभर प्रेक्षकांच्या छोट्या दालनात, ध्वनिवर्धकाविना चालणाऱ्या मैफिलीत, नटाच्या देहाचे उघडेपण आशयाचा भाग असलेल्या प्रयोगात, लहान मुले काम करत असताना आणि जादूच्या कार्यक्रमात मी स्वतः कॅमेरा घरी ठेवीन. फक्त ती बंदी फोनलाही तितक्याच कसोशीने लागू करावी. फोन कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावण्याची पद्धत काही विनोदी कलाकारांनी आणि गायकांनी स्वीकारली आहे. मला ती थोडी कडक वाटते, पण न्यायाच्या दृष्टीने ती चोख आहे.

आपणाकडे मागणे आहे ते असे. नियम दारावर कळू नये, तिकीट घेतानाच कळावा, म्हणजे कॅमेरा सामानघरात ठेवायची किंवा घराकडे परत फिरायची वेळ कोणावर येणार नाही. त्या नियमात 'व्यावसायिक' हे विशेषण नसावे. फोटोला कधी परवानगी आहे, चित्रफितीला नाही, फ्लॅशला कधीच नाही, आणि फोटो कुठे प्रसिद्ध करता येतील, एवढे चार वाक्यांत असावे. लांबीची मर्यादा घालायचीच असेल तर ती पुढच्या माणसाला अडथळा होऊ नये म्हणून आहे असे सांगून सेंटिमीटरमध्ये द्यावी. दारावरच्या सेवकांना कॅमेऱ्याच्या जाती शिकवण्याची गरज नाही. त्यांनी कॅमेरा चालू करायला सांगून चार गोष्टी पाहाव्यात: फ्लॅश बंद, पुढचा दिवा बंद, आवाज बंद, फोटो आपोआप दाखवणे बंद. मालकाला आपला कॅमेरा ठाऊक असेल तर याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ज्याला या गोष्टी मेनूत सापडत नाहीत त्याला कॅमेरा बाहेर ठेवायला सांगण्याचे सबळ कारण तिथल्या तिथे मिळते.

असा नियम झाला की सल्ला विचारायला येणाऱ्यांना मी निर्धास्तपणे सांगू शकेन की आत सोडतील की नाही याची काळजी करू नका, उजेडी लेन्सचा आणि व्ह्यूफाइंडरचा कॅमेरा घ्या, आणि पहिल्या संध्याकाळी घरातले दिवे मालवून कॅमेऱ्याचा पुढचा दिवा आणि आवाज बंद कसा करायचा ते शिका.

कळावे,
आपला विश्वासू,
एक प्रेक्षक आणि हौशी छायाचित्रकार